हौसामावशीचा बैल

माझे वडील वाघ होते. हे मी कौतुकानं म्हणत नाही. पेणजवळच्या जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यात हौसामावशी जी गोष्ट सांगायची, तिच्यातला वाघ म्हणजे आमचे दादा, माधवराव, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि मलाही होतं. वाघाची मुलगी म्हणून मला राग यायला हवा होता, पण गोष्ट इतकी चांगली होती की राग धरून बसायला सवडच मिळाली नाही.

आधी मावशीची ओळख करून देते. हौसामावशी मूर्तींचे डोळे आखायची. शाडूची मूर्ती साच्यातून निघते, सुकते, तिला रंग चढतात आणि सगळ्यात शेवटी डोळे आखतात. तोवर तिच्यासमोर विडी ओढली तरी कोणी काही म्हणत नाही. डोळे आखले की तीच माणसं तिच्यापुढे चपला काढतात. मूर्तीला असा देव करणारा हात जोह्यात मावशीइतका कोणाचाच नव्हता. बुटकी, सावळी, पदर कमरेला खोचलेला, आणि कानावर ब्रश. खिडकीखालची दीड हात जागा तिची. तिथे दुसरं कोणी बसलं तर ती काही बोलायची नाही, नुसती उभी राहायची, आणि बसलेल्याला आपोआप उठावंसं वाटायचं.

तिची एक सवय होती. डोळा आखण्याआधी ती समोर जो कोणी बसला असेल त्याच्याकडे एकदा नीट बघून घ्यायची. "समोर जिता डोळा नसला तर माजा हात चालत नाय," म्हणायची. त्यामुळे आमच्या कारखान्यातले गणपती कामगारांच्याच डोळ्यांनी जगाकडे बघायचे. साच्यावर काम करणाऱ्या पोपटचे डोळे असलेला गणपती पेणच्या एका बड्या घरात दीड दिवस पुजला गेला आहे. खुद्द पोपटला त्या घरात ओसरीच्या पुढे कधी कोणी बोलावलं नसतं.

आणि हात चालला की मावशीचं तोंडही चालायचं. वाघ, कोल्हा, ससा, रेडा, सगळं जंगल तिच्या तोंडी होतं. फक्त बुबुळ आखताना ती थांबायची, आणि तेवढा वेळ कारखान्यात कोणीच बोलायचं नाही. मग एक वाक्य, एक बुबुळ, पुन्हा एक वाक्य, अशी गोष्ट चालायची. एकेक गोष्ट आठवडाभर पुरायची.

कारखाना तेव्हा आमच्या दादांचा होता. दादा वाईट नव्हते, असं मुलीनं म्हणायचं असतं. खरं सांगायचं तर आषाढ लागला की ते वाईट व्हायचे. गणपती जवळ आले की त्यांचा पारा चढायचा, आणि जे समोर येईल त्याच्यावर उतरायचा. दहाच्या चहाची किटली आधी त्यांच्या खोलीत जायची. त्यांचा चहा, त्यांच्याकडे बसलेल्या चार माणसांचा चहा, मग गप्पा, आणि उरलेला गाळ अकराला कामगारांकडे. यात काही चूक आहे हे त्यांना खरंच कळत नसे. मलाही कळत नव्हतं. मी त्या खोलीतलाच चहा पीत मोठी झाले.

अडुसष्ट साली कामगार उठले. पुढारी हैबतराव. हा साचे ओतायचा. उंचापुरा गडी, आवाज असा की पलीकडच्या शेतातली माणसं कामं टाकून ऐकायला यायची. मातीच्या ढिगावर उभं राहून त्यानं भाषण केलं आणि त्यात मजुरी होती, सुट्टी होती, आणि दहाचा चहा सगळ्यांना एकदम मिळाला पाहिजे हेही होतं. भाषण उत्तम झालं. दादांवर त्याचा काडीइतका परिणाम झाला नाही.

परिणाम झाला तो हौसामावशीचा. तिनं ब्रश धुतला, कानावर ठेवला आणि ती आपल्या जागेवर हातावर हात ठेवून बसली. चतुर्थीला नऊ दिवस उरले होते. बाराशे मूर्ती रंगून तयार होत्या आणि एकीलाही डोळे नव्हते. दादा तीन दिवस त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले. हमरापुराहून, पेणहून दुसरा कोणी आखणारा मिळतो का, पाहिलं. एकजण आला, मावशीला बसलेली बघून परत गेला. चौथ्या दिवशी दादा घरी येऊन मला म्हणाले, "सुनीती, बाराशे तोंडं माझ्याकडे आहेत आणि एकही बघत नाही. मला नाही सोसत. देऊन टाकू त्यांना."

असा कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे गेला आणि हैबतराव अध्यक्ष झाले. मी पेणला शाळेत शिकवत होते. सभांचं इतिवृत्त लिहायला संस्थेला कोणीतरी हवं होतं, म्हणून रविवारी एसटीनं जोह्याला जाऊ लागले. वाघाची मुलगी जंगलाची चिटणीस झाली म्हणून लोक हसले. दादांचं काय झालं ते मात्र कोणाला माहीत नाही. पुढच्या वर्षी आषाढात ते पहिल्यांदा रात्रभर झोपले. सकाळी उठून म्हणाले, "अरे, हे आधी का नाही सुचलं मला."

हैबतरावांची पहिली दोन वर्षं सोन्यासारखी गेली, हे मी कोणापुढेही सांगेन. दहाला किटली यायची आणि अध्यक्ष स्वतः ती हातात घेऊन सगळ्यांना ओतायचे, आपल्याला शेवटी. मग एकदा दूध नासकं निघालं आणि चौघांना त्रास झाला. तेव्हा हैबतराव म्हणाले, "आदी मी चाखून बघतो. काय झालं तर मला व्हईल." किती हा मोठेपणा, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. मग रोजच किटली आधी त्यांच्याकडे जाऊ लागली. उभ्यानं चाखायचं कसं, म्हणून स्टूल आलं. स्टुलावर पाठ दुखते, म्हणून दादांची खुर्ची आली. मग चहा चाखायला हाताशी चार माणसं बसू लागली. संस्थेची निवडणूक हंगाम जवळ आला म्हणून पुढे ढकलली, आणि जोह्यात हंगाम नेहमीच जवळ आलेला असतो. दर वेळी इतिवृत्तात मी 'सर्वानुमते' असं लिहायची. तो शब्द लिहिताना माझा हात एकदाही अडखळला नाही, याची मला आजही लाज वाटते.

मावशीनं ती गोष्ट शहात्तर साली सुरू केली. जंगलात एकच पाणवठा. वाघ पिऊन, डुंबून, आळोखेपिळोखे देऊन निघून गेला की मग बाकीच्यांनी प्यायचं. एका उन्हाळ्यात बैल पुढे झाला, सगळी जनावरं त्याच्यामागे उभी राहिली आणि वाघाला पळवून लावलं. इथवर गोष्ट हसतखेळत चालायची. पुढेही गोष्ट होती, पण अध्यक्षांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण ते शेडमध्ये शिरले की मावशी हमखास बुबुळ आखायला घ्यायची. ते बाहेर असताना त्यांना हसणं ऐकू यायचं आणि आत आले की सगळं चिडीचूप. चार दिवसांत त्यांचं डोकं फिरलं.

तेव्हा आणीबाणी होती. सरकारी भिंतींवर कमी बोला, जास्त काम करा, असं लिहिलेलं असायचं. हैबतरावांनी तीच पाटी पेणहून रंगवून आणली आणि मावशीच्या खिडकीवर ठोकली. मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, मी वाचून दाखवलं. "बरं झालं," ती म्हणाली, "उन्हाची तिरीप डोळ्यावर येत व्हती." आणि गोष्ट पुढे चालू झाली.

अशातच रोह्याहून हिरामण आला. तिथल्या एका मंडळाचा हा उत्साही कार्यकर्ता गणपतीची मागणी नोंदवायला आला होता. अध्यक्षांची वाट बघत अर्धा तास शेडमध्ये बसला आणि त्या अर्ध्या तासात त्यानं गोष्टीचा पहिला भाग ऐकला. तो एवढा खूश झाला की अध्यक्ष येताच म्हणाला, यंदा आमचा देखावा हाच. वाघ पळतोय, जनावरं मागे, आणि खडकावर उभा बैल. हैबतराव ऐकत राहिले. वाघ कोण हे त्यांना कळायला वेळ लागला नाही आणि बैल कोण हे तर त्याहून आधी कळलं. त्यांचा चेहरा उजळला. महिनाभर लोक आपल्याला हसत नव्हते, आपला पोवाडा गात होते, असं त्यांना वाटलं. त्यांनी देखावा कबूल केला, आणि हिरामणनं त्यांना उद्घाटनाचं बोलावणंही तिथल्या तिथे दिलं.

बैल पोपटनं घडवला, पुरुषभर उंचीचा. आखायच्या दिवशी हैबतराव आपणहून मावशीसमोर येऊन बसले. "जिता डोळा लागतो ना तुला? मी बसतो." केस विंचरून आले होते. मावशीनं त्यांच्याकडे फार वेळ बघितलं, एवढा वेळ तिनं कोणाकडेच बघितलं नव्हतं. मग आखलं. घाईत त्यांनी बैलाकडे धड बघितलंसुद्धा नाही, शाबास म्हणून निघून गेले.

तुम्हाला वाटेल, आता दिलजमाई झाली. तसं काही झालं नाही. श्रावणातल्या एका रविवारी त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, ठराव लिवा. हौसावैनीचं सभासदत्व रद्द. कामाच्या येळी बडबड, वारंवार सांगून ऐकत नाय."

"अहो, पण गोष्ट तर तुमचीच आहे."

"गोष्ट झकास हाय. शिस्त म्हंजे शिस्त. आज ती बोलंल, उद्या सगळी बोलतील. गौरी गेल्या की सभेत वाचा." आखणीसाठी हमरापुरातला माणूसही त्यांनी ठरवून ठेवला होता.

मी ठराव लिहिला. मग मला राहवलं नाही आणि मावशीला जाऊन सांगितलं. तिला शेती नव्हती. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षी दुसऱ्या कारखान्यात कोण घेणार, आणि घेतलं तरी ती खिडकी कुठून आणणार. ती ब्रश साफ करत होती. म्हणाली, "तूच लिवलंस?"

"हो."

"अक्षर चांगलं काडलंस ना?"

मला रडू आलं. ती नाही रडली. म्हणाली, "रडतेस काय गो, तुजा काय दोष." दोष होता, आणि तो दोघींनाही माहीत होता.

घरचे दीड दिवसाचे गणपती पोचवून तिसऱ्या दिवशी आम्ही ट्रकनं रोह्याला निघालो. अध्यक्ष केबिनमध्ये, बाकी सगळे मागे. नागोठण्यापर्यंत मी मावशीच्या कानाशी लागले होते. "हिरामण तुला गोष्ट सांगायला लावणार. अर्धीच सांग. बैल खडकावर चढला की हात जोड आणि खाली ये. हैबतराव खूश होतील. मी ठराव फाडायला लावते त्यांना." मावशी म्हणाली, "बघू." एवढंच म्हणाली.

कुंडलिका नदीच्या बाजूला मांडव होता. संध्याकाळचे सहा वाजले होते, माणसांची ही गर्दी. हैबतरावांनी फीत कापली, पडदा बाजूला झाला आणि दिव्यांच्या उजेडात बैल दिसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरामणनं मावशीच्या हातात माईक दिला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज मांडवापलीकडे गेला, त्यानं ती क्षणभर दचकली, मग सवय झाल्यासारखी बोलू लागली. पाणवठा झाला, वाघ झाला, बैल पुढे झाला, वाघ पळाला. टाळ्या. हैबतराव हात जोडून उभे. मी मावशीकडे बघून मान हलवली, पुरे.

ती थांबलीही. माईक हिरामणला द्यायला हात पुढे केला. पण पुढच्या रांगेतली एक कोळीण म्हणाली, "मग फुडं काय झालं?" आणि मावशीनं हात मागे घेतला.

"फुडं बैल बोलला, वाघ लबाड, जाताना पाण्यात कायतरी कालवून गेला असंल. आदी मी पिऊन बघतो. मेलो तर मी मरंन. सगळी बोलली, केवडा देवमानूस. दुसऱ्या दिवशी पन बैलच आदी प्याला. तिसऱ्या दिवशी पन. मग त्याला गर्दी सोसंना, तर कुत्री उभी केली काठावर. मग तो पान्यात उतरून पियाला लागला, पानी गढूळ. बाकीची लांब उभी, त्याचं व्हईपरेंत. तवा एक हरणाचं पाडस, नुकतंच झालेलं, आईला इचारतंय, आई, वाघ वाघ म्हनतात तो कसा असतो गो? तर आई बोलली, जो पयलं पानी पितो ना, तो."

रोहेकरांना ती नुसती गोष्ट वाटली आणि ते हसले. आमची जोह्याची माणसं हसली नाहीत. पोपट जमिनीकडे बघत होता. हैबतरावांचे जोडलेले हात अजून तसेच होते, सोडायचे राहून गेले होते. मग ते वळले आणि पहिल्यांदा बैलाकडे नीट बघू लागले. बराच वेळ बघत होते. आता हा माणूस काय करेल या भीतीनं मी मावशीच्या पुढे जाऊन उभी राहिले.

ते जवळ आले. आवाज अगदी खाली होता. "हौसावैनी, बैल माजला बोललीस. मग डोळं असं का आखलंस? हा तर भ्यालाय."

"तू समोर बसला व्हतास. दिसलं तसं आखलं."

"मी भ्यालोय?"

"पयलं पानी पिनाऱ्याला मागं बगत प्यावं लागतं, हैबती. त्याची तहान भागत नाय."

ते परतताना केबिनमध्ये बसले नाहीत, मागे आमच्यात येऊन बसले, तोंड रस्त्याकडे करून. मला वाटलं, आता नुसतं सभासदत्व जाऊन भागणार नाही. तो आठवडा मी कसा काढला ते मला माहीत. शाळेत फळ्यावर काय लिहायचं ते आठवेना. दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "खुर्ची माझीच होती ना ती? टोचते. त्याला विचार." मला त्यांचा राग आला.

गौरी गेल्या आणि रविवारी सभा भरली. मावशी आली ती हातात गाठोडं घेऊन. जुन्या लुगड्याच्या फडक्यात तिनं आपले सगळे ब्रश, रंगाच्या वाट्या आणि बसायचं पोतं बांधलं होतं. आदल्या दिवशीच जागा रिकामी करून ठेवली होती. ती खिडकीखाली न बसता दाराशी बसली. साठ माणसं होती आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी कागद उलगडून उभी राहिले.

"बाई, ऱ्हाऊ द्या ते," हैबतराव म्हणाले.

मला नीट ऐकू आलं की नाही, तेच कळेना.

"तो ठराव माजा व्हता, मीच मागं घेतो. दुसरा लिवा. आठ वर्सं झाली, निवडणूक लावा. मी उभा ऱ्हानार नाय. मला साच्यावर जाऊ द्या." मग थोडं थांबून, सगळ्यांना नाही, जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाले, "रोह्यात तिनं सांगितलं तवा राग यायला पायजे व्हता. आला नाय. बरं वाटलं. कोनाला तरी दिसलं, म्हनून बरं वाटलं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण सगळ्या शेडनं एकदम श्वास सोडला. पोपटनं मोठ्यानं नाक शिंकरलं. मी खाली बसले. ठरावाचा कागद माझ्या मुठीत चुरगळून गेला होता.

मावशी उठली आणि आपल्या खिडकीखाली गेली. बसून गाठोडं सोडू लागली. सगळा श्रावण, रोहा, हा आठवडा तिनं डोळ्यांत पाणी न आणता काढला होता. आता मात्र तिचे हात कापायला लागले. आयुष्यभर बुबुळाची रेघ न हलता ओढणारे हात, त्यांना साधी गाठ सुटेना. तिनं दातांनी ओढून बघितलं. मग ती तशीच, गाठोडं मांडीवर घेऊन, रडू लागली.

हैबतराव जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. गाठोडं आपल्याकडे ओढलं.

"जपून," ती रडत रडत म्हणाली, "ब्रश मोडतील."

"नाय मोडत."

ते नखांनी एकेक पदर उकलत राहिले. गाठ तिनं घट्ट मारली होती, सुटायला बराच वेळ लागला, आणि तोवर कोणीही घरी गेलं नाही.